दातांच्या डॉक्टरचं आयुष्य लिहायचं तर आधी नाटकवाल्यांकडे जा

आमच्या वडसा (गडचिरोली जिल्हा) साइडला एक दातांचे डॉक्टर होते, बेने इस्राएली, म्हणजे आपले मराठी ज्यू. ते गेल्यावर सगळे म्हणाले, तूच लिही ना भाऊ. (नाव घरच्यांनी नको म्हटलंय.) पहिला ड्राफ्ट लय बेकार झाला, थोर समाजसेवक, कलाप्रेमी, सगळं बॅनरवरचं. मग जे शिकलो ते सांगतो.

घरच्यांकडे शेवटी जा, आधी पेशंट अन् नाटकवाले गाठा. पेशंटला "माणूस कसा होता" विचारलं की लोक "चांगला होता जी" म्हणून मोकळे होतात, त्यापेक्षा "तुमचा दात कसा काढला" विचारा, मग फीच्या बदल्यात दिलेल्या तांदळापर्यंत सगळं निघते.

नाटकवाल्यांना मात्र उन्हाळ्यातच भेटा. झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा, सीझन दिवाळीनंतर लागतो, नाटक रात्री उभं राहते ते पहाटेपर्यंत, तेव्हा कोणाला वेळ? डॉक्टर दोन अंकांच्या मधे माइक घेऊन सांगायचे, आपलीच तीन बोटं उभी तोंडात घाला, नाही गेली तर उद्या दवाखान्यात या. खर्र्यातल्या (सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला) सुपारीनंच तोंड आखडते, तंबाखू नसली तरी, हे लिहायला विसरू नका, अजूनही अर्ध्या गावाला माहीत नाही.

धर्माचं ऐकीव लिहू नका. शनिवारी दवाखाना बंद म्हणजे मारुतीचा उपास, असं आम्ही लहानपणी समजायचो! तो त्यांचा शब्बाथ, काम बंद ठेवायचा पवित्र दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत. कोकणात यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. शेजारणींना आठवणारे "डॉक्टरकडचे गोड पोहे" म्हणजे मलीदा, एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावानं करतात. 1948 नंतर यांचे बरेच लोक इस्राएलला गेले, तर नातेवाईक तिकडे असतील, व्हॉट्सअॅपवर कॉल लावा, जुनी माणसं मस्त मराठी बोलतात.

अन् धर्माचं अन् नाटकाचं, दोन्हीकडचं जुळवून पाहा. साउंडवाला म्हणाला, शुक्रवारी रात्री डॉक्टर पायीच यायचे, समोर बसायचे, पण माइकला हात लावायचे नाहीत, काहून ते त्याला आजवर माहीत नव्हतं. शब्बाथ लागलेला असायचा ना!

छापायच्या आधी दोघा-तिघांना वाचून दाखवा. मी "उत्तम गायचे" लिहिलं होतं, आर्गनवाला हसूनच राहिला. गायचे कुठं बाप्पा, पडद्यामागून प्रॉम्प्टिंग करायचे.