क्रोशाची कड सरळ येण्यासाठी

चौकोन म्हणून सुरू केलेलं विणकाम सात-आठ ओळींत निमुळतं व्हायला लागलं, की आपण हात घट्ट पडतोय असं समजतो. खरं तर बहुतेक वेळा मोजणी चुकलेली असते: ओळीच्या टोकाचा एक टाका गळतो, नाहीतर एकाच घरात (मागच्या ओळीतल्या एकाच टाक्यात) दोन पडतात. म्हणून प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात मार्कर अडकवा. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडाही चालतो.

सिंगल क्रोशेत, म्हणजे आखूड साध्या टाक्यात, वळताना घातलेली 1 साखळी टाका म्हणून धरू नका; पहिला टाका त्या साखळीच्या बुडाशी, पहिल्याच घरात घ्या. खांबाचं, म्हणजे उंच डबल क्रोशे टाक्याचं, उलट आहे. तिथे वळतानाच्या 3 साखळ्या म्हणजेच पहिला खांब, त्यामुळे पुढचा खांब दुसऱ्या घरात जातो आणि ओळीचा शेवटचा खांब मागच्या ओळीतल्या त्या तिसऱ्या साखळीत. ही साखळी बारीक असते, सहज नजरेतून सुटते. कड आत जाते ती बहुधा इथेच.

तरीही 3 साखळ्यांशेजारी फट दिसतेच. ती नको असेल तर काम वळवा, साखळी न घालता पहिल्या घरात एक सिंगल क्रोशे विणा आणि त्याच टाक्याच्या डाव्या उभ्या पायात सुई घालून आणखी एक. हे दोन्ही मिळून एक खांब धरा. उंची तेवढीच येते, फट मात्र बुजते.

सुरुवातीची साखळी आवळली तर खालची बाजू आत ओढली जाते. तेवढ्यापुरती अर्धा ते एक मिलिमीटर जाड सुई घ्या. टाके लहानमोठे येत असतील तर फंदा सुईच्या टोकाजवळच्या निमुळत्या भागावर राहतोय का ते पाहा. तो जाड दांड्यावर सरकवून मगच पुढचा वेढा घ्या.

शेवटी चारही बाजूंनी सिंगल क्रोशेची एक ओळ फिरवा. उभ्या कडेला खांबाच्या प्रत्येक ओळीमागे 2 टाके, सिंगल क्रोशेच्या ओळीमागे 1, कोपऱ्यात एकाच घरात 3. कडेला झालर पडली तर टाके जास्त झालेत, आत ओढली गेली तर कमी. उसवा आणि टाके बदलून पुन्हा विणा. ॲक्रिलिक लोकरीवर मात्र इस्त्री टेकवू नका, धागा वितळून कायमचा चपटा होतो.