स्कायहुक कसा शिकायचा: करीम अब्दुल-जब्बारच्या शॉटची उकल

करीम अब्दुल-जब्बार 1989 मध्ये निवृत्त झाला तेव्हा एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये त्याच्या नावावर 38,387 गुण होते. फेब्रुवारी 2023 मध्ये लेब्रॉन जेम्सने त्याला मागे टाकेपर्यंत सर्वाधिक गुणांचा मान करीमकडेच होता. यात तीन गुणांच्या शॉटचा वाटा जवळपास शून्य, कारण नियमित हंगामांत तो त्याने फक्त एकदाच घातला. त्याचं हक्काचं शस्त्र होतं स्कायहुक: रिंगला आडवं राहून, उडी घेऊन, एका हाताने डोक्यावरून सोडायचा शॉट.

‘7 फूट 2 इंच उंची होती म्हणून जमलं’ हे उत्तर अपुरं आहे. 5 एप्रिल 1984 रोजी लास व्हेगासमध्ये युटा जॅझविरुद्ध त्याने विल्ट चेंबरलेनचा 31,419 गुणांचा विक्रम मोडला, तो हुक समोरच्या मार्क ईटनच्या डोक्यावरून गेला होता, आणि ईटन 7 फूट 4 इंच होता. 1987 च्या अंतिम मालिकेत 6 फूट 9 इंचांच्या मॅजिक जॉन्सनने बोस्टनमध्ये चौथा सामना 107-106 असा जिंकून दिला, तोही याच शॉटच्या धाकट्या रूपाने. हा शॉट अडवणं कठीण जातं ते खेळाडू रिंगला आडवा उभा राहतो म्हणून. चेंडू आणि डिफेंडर (अडवणारा खेळाडू) यांच्यामध्ये खांद्यांची पूर्ण रुंदी येते. त्यात चेंडू हातातून सुटतो तो सगळ्यात उंच जागी, आणि एकदा रिंगकडे खाली येऊ लागला की त्याला हात लावणं नियमानेच बंद. म्हणून शिकताना उड्या वाढवण्याच्या मागे लागू नका, आधी पावलं बसवा.

पुढचं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलटी धरावी.

रिंगकडे तोंड केल्यावर डावीकडे येणारा लो ब्लॉक, म्हणजे पेंटच्या (रिंगसमोर आखलेल्या चौकोनाच्या) कडेवरची रिंगजवळची खूण, ही तुमची जागा. तिथे रिंगकडे पाठ करून, गुडघे वाकवून, पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवून उभे राहा. पास दोन्ही हातांनी घ्या आणि चेंडू लगेच हनुवटीखाली आणा, कोपरं बाहेर. चेंडू कमरेखाली गेला की छोट्या गार्डचा (बाहेरून खेळणाऱ्या चपळ खेळाडूचा) हात त्यावर पडलाच म्हणून समजा. आता उजव्या खांद्यावरून बेसलाइनकडे (रिंगमागच्या सीमारेषेकडे) एक झलक द्या: फक्त डोकं आणि खांदा, पाय जागचे हलवायचे नाहीत. डिफेंडर अर्धं पाऊल जरी तिकडे सरकला तरी मधली वाट मोकळी होते.

उजवा पाय पिव्होट, म्हणजे जमिनीवर टेकलेला, ज्यावर शरीर फिरतं तो पाय. डावं पाऊल पेंटच्या मध्याकडे लांब टाका, आणि त्या पायाची बोटं बेसलाइनला समांतर राहतील असं बघा. या शॉटमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. बोटं समांतर पडली तर डावा खांदा आपोआप रिंगकडे येतो. बोटं रिंगकडे वळली तर छाती उघडी पडते, चेंडू डिफेंडरसमोर येतो आणि उरतो तो साधा, अडवता येणारा शॉट. पाऊल टाकतानाच मान डाव्या खांद्यावरून वळवून रिंग नजरेत घ्या. चेंडू वर जाईपर्यंत थांबलात तर नेम धरायला वेळच राहत नाही.

मग डाव्या पायावरून वर उठा आणि उजवा गुडघा जोरात वर न्या. उजवा पाय पुन्हा जमिनीला लागण्याआधी चेंडू सुटला पाहिजे, नाहीतर ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू हातात धरून नियमाबाहेर पाऊल टाकल्याची चूक. डावा हात चेंडूवरून काढून कोपरात वाकवा आणि खांद्याच्या उंचीवर ढालीसारखा स्थिर धरा. तो सरळ करून ढकललंत किंवा डिफेंडरभोवती अडकवलात तर फाऊल तुमच्यावर येईल.

उजवा हात चेंडूखाली, बोटं पसरलेली. चेंडू शरीराच्या उजव्या बाजूने जवळजवळ सरळ वर जातो. जुन्या पद्धतीचा हुक बाजूने मोठा गोल फिरवत यायचा. करीमने तो ताठ केला, आणि माझ्या मते त्याची खरी करामत यातच आहे: हाताचा प्रवास जितका कमी, तितकी चूक कमी. दंड कानाजवळ, कोपर जवळपास सरळ, आणि उडीच्या टोकाला मनगटाची झटक. शेवटचा स्पर्श तर्जनी आणि मधल्या बोटाचा. हवेतच शरीर रिंगकडे वळू द्या म्हणजे दोन्ही पायांवर उतरताना तुम्ही रिबाऊंडसाठी (हुकून परतणारा चेंडू झेलण्यासाठी) तयार असता.

सराव मात्र इथून सुरू करायचा नाही. करीमने शाळकरी वयात मायकन ड्रिल घोटली होती. डीपॉल विद्यापीठाचे प्रशिक्षक रे मेयर यांनी जॉर्ज मायकनसाठी वापरलेला हा सराव आजही पहिली पायरी आहे. रिंगखाली उभे राहा, उजव्या बाजूने डाव्या पायावर उडून उजव्या हाताने बोर्डवर (रिंगमागच्या फळीवर) लावून टाका, जाळीतून पडणारा चेंडू हनुवटीच्या वरच झेला, लगेच डाव्या बाजूने उजव्या पायावर उडून डाव्या हाताने टाका. न थांबता 20 बास्केट, असे तीन फेरे. चेंडू खाली आणायची सवय इथेच मोडते.

त्यानंतर रिंगपासून एक मीटरवर आडवे उभे राहा, डावा खांदा रिंगकडे, आणि पाऊल न टाकता फक्त हाताने हुक करा. लागोपाठ 10 पैकी 7 पडू लागले की पाऊल जोडा, मग पाठ करून पिव्होट जोडा, मग एक ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटणं). अंतर शेवटी वाढवा, तेही अर्ध्या-अर्ध्या मीटरने. दोन ते अडीच मीटरवरून भरवसा आला की बहुतेकांना सामन्यात तेवढं पुरतं. बारा वर्षांखालच्या मुलांना 5 नंबरचा चेंडू आणि 2.60 मीटरवरची रिंग द्या. 3.05 मीटरच्या रिंगपर्यंत चेंडू पोचवण्यासाठी मुलं हात बाजूने फेकू लागतात, आणि ती ढब पुढे सुटत नाही.

चुका चेंडूच सांगतो. उंच जाऊन रिंगच्या अलीकडे पडला तर हात डोक्यावर पोचण्याआधीच सुटला. सपाट जाऊन आदळला तर उशिरा सुटला. डावी-उजवीकडे चुकत असेल तर मनगटाआधी पाय तपासा: दहातल्या आठ वेळा पहिलं पाऊल तिरकं पडलेलं असतं. जोर कमी पडत असेल तर हाताला दोष देऊ नका, उजवा गुडघा वर येत नसेल.

बोर्ड वापरायचा का? ब्लॉकजवळून, साधारण 45 अंशांच्या कोनातून, जरूर वापरा. बेसलाइनजवळून नाही, तिथून बोर्डचा कोनच मिळत नाही. 1974 च्या अंतिम मालिकेतला सहावा सामना बोस्टनमध्ये दुसऱ्या जादा वेळेत गेला होता. शेवटच्या काही सेकंदांत करीमने उजव्या बेसलाइनवरून हुक सोडला आणि त्याच्या तेव्हाच्या संघाने, मिलवॉकी बक्सने, तो 102-101 असा जिंकला. उजव्या बाजूला उजव्या हाताचा हुक असा बेसलाइनकडे वळूनच निघतो. मध्याकडे जायचं तर तिथे डावा हात लागतो, म्हणून रोजच्या सरावाचा किमान तिसरा हिस्सा डाव्या हाताला द्या.

हा शॉट करीमच्या हाती इतका पक्का होण्याला एक नियमही कारणीभूत ठरला. 1967 मध्ये, तो यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठाकडून ल्यू अल्सिंडर या नावाने खेळत असताना, अमेरिकी कॉलेज स्पर्धांत डंकवर (उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबण्यावर) बंदी आली आणि ती 1976 पर्यंत टिकली. रिंगजवळचा सोपा मार्ग बंद झाल्यावर त्याने प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या हाताखाली हुकवर मेहनत घेतली. तुम्हीही पाठ करून खेळण्याच्या सरावात महिनाभर डंक आणि ले-अप (रिंगजवळ जाऊन टाकायचा सोपा शॉट) बंद ठेवून पाहा.

सामन्यात डिफेंडर दोन झाले तर शॉट आधी ठरवून ठेवू नका. झलक देताना मान वळतेच, त्याच क्षणी दुसरा माणूस कुठून येतोय ते पाहा. तो मध्यातून आला तर चेंडू हनुवटीखालीच ठेवा आणि त्याने ज्याला मोकळं सोडलं त्याला पास द्या. डावं पाऊल पेंटमध्ये पडल्यावर मात्र थांबू नका: अर्ध्यावर रोखलेल्या हुकमधूनच बहुतेक ट्रॅव्हलिंग होतात.