दूरचा ब्लेझार ओळखताना या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

डिसेंबरात पहाटे तुरीवर धुवारी उतरली की आमच्या दारव्ह्याच्या रोडवर समोरून येणारी गाडी किती लांब आहे ते काही समजत नाही. लाईट मंद दिसतो, पण तो धुवारीनं मंद झाला की त्या गाडीचा लाईटच मुळात मरतुकडा आहे, हे नुसतं पाहून कोण सांगणार? ब्लेझारचं गणित सेम असंच आहे आणि नवीन पोरं इथंच आपटतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. दूरच्या गॅलेक्सीच्या मधोमध महाकाय ब्लॅक होल असतं, त्याच्याजवळून निघालेल्या जेटचं तोंड नेमकं आपल्याकडं असलं की तो ब्लेझार. त्याचे १०० जीईव्हीच्या (जीईव्ही हे एनर्जीचं माप, हजार जीईव्ही म्हणजे एक टीईव्ही) वरचे गॅमा फोटॉन, म्हणजे भयंकर एनर्जीचे उजेडाचे कण, वाटेत ईबीएलला धडकतात, ईबीएल म्हणजे आजवरच्या सगळ्या ताऱ्यांचा आणि धुळीचा साचलेला उजेड, धडक झाली की गॅमा गायब आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार. हा ईबीएलच आपली धुवारी. अंतर वाढलं की धुवारी दाट, एनर्जी वाढली की अजून दाट. मार्केरियन ४२१ हा १९९२ मध्ये व्हिपल टेलिस्कोपनं पकडलेला जवळचा ब्लेझार, रेडशिफ्ट (अंतराचं माप, आकडा मोठा तितका ब्लेझार लांब) ०.०३१, तो कित्येक टीईव्हीपर्यंत दिसतो. रेडशिफ्ट १ च्या आसपास गेलात की १०० जीईव्हीच्या थोडं वरच अंधार सुरू.

आता माझा पराक्रम. हेस या गॅमा टेलिस्कोपवाल्यांनी २०१८ मध्ये थोडा डेटा सगळ्यांसाठी मोकळा केला, त्यात पीकेएस २१५५-३०४ हा ब्लेझार आहे. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रात्री तो उतरवला, गॅमापाय (गॅमा डेटाचं सॉफ्टवेअर) टाकलं, मधात दोनदा लाईन गेली, शेजारचे काका विचारून राहिले, "काऊन रे, रातभर काय पाहून राहिला त्या डब्ब्यात?" शेवटी स्पेक्ट्रमवर (कुठल्या एनर्जीचे किती फोटॉन आले त्याचा आलेख) रेषा बसली, तिचा इंडेक्स म्हणजे उतार ३.४ च्या आसपास, म्हणजे चांगलाच उतरता. फर्मी या गॅमा सॅटेलाईटच्या, कमी एनर्जीच्या डेटात त्याचाच इंडेक्स २ च्या आत. मी फर्मीची रेषा सरळ वर ओढली, जितका फरक पडला तो सगळा धुवारीच्या माथी मारला आणि अंतर काढून सरांना पाठवून दिलं. खरा रेडशिफ्ट ०.११६ आहे, माझा त्याच्या कितीतरी वर गेला होता.

यात एक नाही, दोन चुका होत्या.

स्पेक्ट्रम वाकला म्हणजे सगळा दोष ईबीएलचा, असं नसते बाप्पा. जेटमधल्या इलेक्ट्रॉनचीही ताकद कुठंतरी संपते, सोर्स स्वतःच वाकलेला असू शकतो. म्हणून या पद्धतीनं अंतर भेटत नाही, भेटते ती वरची मर्यादा. करायचं असं की रेडशिफ्ट थोडाथोडा वाढवत ईबीएलचा परिणाम काढून टाकत जायचा, ज्या ठिकाणी उरलेला स्पेक्ट्रम फर्मीच्या स्पेक्ट्रमपेक्षाही कडक (कमी उतरता) व्हायला लागतो तिथं थांबायचं आणि लिहायचं की याच्यापेक्षा लांब नसावा. बस. "इतकाच लांब आहे" असं लिहायचं नाही. आणि ईबीएलचं एकच मॉडेल घेऊन बसू नका, गॅमापायमध्ये फ्रान्सेस्किनी, डोमिंग्वेझ, फिंके तिन्ही आहेत, तिन्ही लावून पाहा, उत्तर किती हलते ते दिसेल.

दुसरी चूक सांगायला लाज वाटते. मी घेतलेला डेटा जुलै २००६ च्या फ्लेअरचा होता, तेव्हा हा ब्लेझार मिनिटामिनिटाला उसळत होता. आणि फर्मी उडाला जून २००८ मध्ये! म्हणजे नवरदेव एका लग्नातला आणि नवरी दुसऱ्या. त्याच पॅकेटमध्ये २००८ चा शांत काळातला डेटाही आहे, जोडी लावायची तर त्याच्याशी लावा. ब्लेझारचा डेटा जोडताना आधी तारखा, मग बाकीचं.

कॅटलॉगमधला रेडशिफ्ट डोळे झाकून घेणं ही पण जुनी खोड. बीएल लॅक प्रकारच्या ब्लेझारमध्ये, ज्यांच्यावरून रेडशिफ्ट काढतात त्या ऑप्टिकल रेषा इतक्या फिकट असतात की कधी एकाच संशयास्पद रेषेवर आकडा छापून येतो. थ्री सी ६६ए या ब्लेझारचा ०.४४४ हा आकडा असाच वर्षानुवर्षं फिरत राहिला, नंतरच्या कामात तो ०.३४ च्या आसपास आला. याच बिचाऱ्याच्या शेजारी, एका अंशाच्या दहाव्या भागाइतक्या अंतरावर, थ्री सी ६६बी ही जवळची रेडिओ गॅलेक्सी आहे. २००७ मध्ये मॅजिक टेलिस्कोपला तिथून सिग्नल आला तो ६६बी कडं झुकणारा वाटला, पुढच्या वर्षी व्हेरिटास टेलिस्कोपनं पाहिलं तर ६६ए. दोघांची अंतरं पार वेगळी, त्यामुळं शेजारी कोण आहे ते न बघता ईबीएलचं गणित करू नका.

मला सगळ्यात आवडतो तो क्यूएसओ बी०२१८+३५७ या ब्लेझारचा किस्सा. रेडशिफ्ट ०.९४४, मधात एक गॅलेक्सी भिंगासारखी आडवी, म्हणून त्याचा उजेड दोन वाटांनी येतो आणि दुसऱ्या वाटेचा साधारण ११ दिवस उशिरा पोचतो. जुलै २०१४ मध्ये फर्मीला फ्लेअर दिसला, पण तेव्हा पौर्णिमा, चंद्राच्या उजेडात मॅजिकला पाहता आलं नाही. दुसऱ्या कुठल्या ब्लेझारचा असता तर गेला असता. यांनी ११ दिवस थांबून उशिराचा फ्लेअर पकडला! तर सोर्स लेन्सवाला असेल आणि पहिली रात्र हुकली तर फाईल बंद करू नका, कॅलेंडर काढा.

आणि हो, दूरचा ब्लेझार क्षितिजाजवळ असताना पाहिलेला डेटा शक्यतो घेऊ नका. तिरप्या दिशेनं हवेचा थर जाड होतो, टेलिस्कोपचा थ्रेशोल्ड (दिसू शकणारी कमीत कमी एनर्जी) वर चढतो आणि नेमके १००-२०० जीईव्हीचे जे फोटॉन धुवारीतून वाचून आले तेच हातचे जातात. मग रिकामा प्लॉट पाहून "सोर्स नाहीच" असं लिहून मोकळे होता.