पाळीव प्राण्यांच्या घरी बागेतील रेल्वेची आखणी

बागेत छोटी रेल्वे उभारायची ठरली की माणूस कागद-पेन्सिल घेऊन वळणे, पूल आणि स्थानके रेखाटू लागतो. घरात कुत्रा किंवा मांजर असेल, तर मात्र त्या अंगणात वाहतुकीचे मार्ग आपल्या आधीच ठरून गेलेले असतात. म्हणून पहिला नकाशा रेल्वेचा नव्हे, तर प्राण्यांचा काढावा. किमान दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ निरीक्षण करून कुत्रा कुंपणालगत कुठून धावतो, फाटकाची कडी वाजताच कोणत्या आडवाटेने झेपावतो, मांजर दुपारी कोणत्या दगडावर ऊन खात बसते आणि माती कुठे उकरली जाते, हे सारे बागेच्या आराखड्यावर खुणा करून नोंदवावे. कुत्र्याची रोजची वाट ओळखणे कठीण नसते, कारण तिथले गवत झिजून माती उघडी पडलेली असते.

यानंतर नियोजित मार्गावर पाण्याची नळी किंवा जाड दोरी अंथरून ती आठवडाभर तशीच ठेवावी. जिथे ती वारंवार सरकलेली किंवा चावलेली दिसेल, तिथे रूळही सुखाने नांदणार नाहीत. आमच्या घरी दोरी रोज एकाच कोपऱ्यात विस्कटत असे आणि मी रोज ती हट्टाने सरळ करत असे. शेवटी रूळ त्याच जागी घातले आणि पहिल्याच आठवड्यात मालगाडीचे तीन डबे झुडपात गेले. दोरीचे म्हणणे वेळीच ऐकले असते, तर खडी दोनदा अंथरावी लागली नसती.

मापाचा निर्णयही येथेच घ्यावा. १९६८ साली न्यूरेम्बर्गच्या लेमान कंपनीने एलजीबी या नावाने आणलेल्या गाड्यांमुळे ४५ मिमी अंतराच्या रुळांचा मार्ग बागांमध्ये खऱ्या अर्थाने रुळला. प्राण्यांच्या घरासाठी हेच मोठे माप योग्य आहे, कारण साधारण ८.४ मिमी उंचीचा पितळी रूळ स्लीपरखाली भक्कम आधार असेल, तर कुत्र्याचा पाय पडला तरी सहसा वाकत नाही. घराच्या आत शोभणाऱ्या लहान मापांच्या गाड्या बाहेर आणण्याचा मोह टाळावा. या मापातील सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या ६०० मिमी असली, तरी जागा असेल तर ती दुपटीने घ्यावी. सैल वळणावर गाडी सहजासहजी रूळ सोडत नाही, आणि रूळ सोडून उलटलेला डबा हे कुत्र्याला उघड निमंत्रणच असते. चढ शंभरास दोनपर्यंत ठेवणे उत्तम.

प्राण्याची वाट रुळांना छेदणार असेल, तर ती अडवू नये, तिथे रीतसर लेव्हल क्रॉसिंग बांधावे. रुळांच्या मध्ये आणि दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या अशा बसवाव्यात की त्यांचा पृष्ठभाग रुळाच्या माथ्यापेक्षा किंचित खाली राहील. चाकांच्या कडांसाठी सोडलेली खाच गरजेपुरतीच अरुंद ठेवावी, अन्यथा धावत्या कुत्र्याचे नख तिच्यात अडकू शकते. डबा हाताने ढकलत नेऊन खाचेची रुंदी तपासणे हाच यावरचा खात्रीचा उपाय आहे. क्रॉसिंग किमान कुत्र्याच्या झिजलेल्या वाटेइतके रुंद हवे. अशी सोपी जागा मिळाली की कुत्रा इतरत्र खडी तुडवण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही.

मांजराचे गणित वेगळे आहे. सैल, बारीक आणि कोरडी खडी तिच्या दृष्टीने शौचाची उत्तम सोय असते, आणि तिने एकदा तो शोध लावला की रूळ रोज उकरले जातात. गोल गोट्यांऐवजी चुरा मिसळलेली कोनेदार खडी घेऊन ती ठोकून बसवावी व हवे असल्यास कोरडे सिमेंट मिसळून वर पाणी शिंपडावे, म्हणजे ती घट्ट होते. बागेच्या दुसऱ्या टोकाला मऊ वाळूचा एक चौकोन मांजरासाठी राखून ठेवल्यास तंटा बहुधा मिटतो. बोगदा मात्र तिला आवडणारच, कारण तो सावलीचा आणि अरुंद असतो. त्यामुळे त्याची लांबी दोन्ही तोंडांतून हात मध्यापर्यंत पोहोचेल इतकीच ठेवावी, छत उचलता येईल असे करावे आणि गाडी सोडण्यापूर्वी आत डोकावण्याची सवय लावून घ्यावी.

मार्ग ६० सेंमी उंचीच्या ओट्यावर नेल्यास लहान कुत्री आणि कासव यांचा प्रश्न सुटतो, मांजराचा मुळीच सुटत नाही.

विजेबाबत माझे मत स्पष्ट आहे: प्राणी असतील तर इंजिनातच बॅटरी बसवून ते रेडिओ नियंत्रणाने चालवावे. रुळांतून २४ व्होल्टपर्यंतचा प्रवाह देण्याची पद्धत एरवी सुरक्षित मानली जाते. पण ओले नाक दोन्ही रुळांना टेकले तर प्राणी दचकू शकतो, शिवाय नर कुत्रा सिग्नलच्या खांबाला खरा खांब समजून जे करतो, त्याने पितळ गंजते आणि प्रवाह खंडित होतो. रुळांतूनच वीज द्यायची असल्यास ट्रान्सफॉर्मर घरात ठेवावा आणि तारा चावता येणार नाहीत अशा नळीतून जमिनीखाली न्याव्यात. वाफेच्या इंजिनाला ज्वाला आणि तापलेले धातू असतात. ते चालवताना प्राणी घरात बंद असलेलेच बरे.

रुळांकाठी लावायच्या झाडांमध्ये कण्हेर, सायकस आणि अझेलिया यांना थारा देऊ नये. लिलीचे तर परागकणही मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. थाईम आणि रोझमेरी छाटून ठेवल्यास छोट्या वृक्षांसारखी दिसतात व ती निर्धोक आहेत. गोगलगाय मारण्याच्या मेटाल्डिहाइडयुक्त गोळ्या आणि कोकोच्या टरफलांचे आच्छादन दोन्ही वर्ज्य समजावे. स्थानकावरची माणसे व बाके तळाला स्क्रूने घट्ट बसवावीत, कारण गिळता येईल अशी सुटी वस्तू कुत्र्याच्या पोटात जाण्याची शक्यता गृहीत धरलीच पाहिजे. बटण-बॅटरीवरचे दिवे उघड्यावर ठेवूच नयेत.

पहिल्या दिवशी उभे इंजिन प्राण्याला हुंगू द्यावे, दुसऱ्या दिवशी दोरीला बांधलेल्या कुत्र्यासमोर ते अगदी मंद गतीने हलवावे आणि तो शांत बसला की खाऊ द्यावा. डबे त्यानंतरच जोडावेत.