सोनामुखी घेताय? या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात लातूरला आत्याकडे होते. रात्री साडेनऊला तिनं पोट साफ व्हावं म्हणून सोनामुखीचं चमचाभर चूर्ण कोमट पाण्याशी घेतलं. अकराला बघते तर डबी पुन्हा उघडी. "काहीच गुण नाही लेकरा," म्हणत दुसरा चमचाही तोंडात टाकला. पहाटे चारला मुरडा सुरू झाला आणि सात वाजेस्तोवर पाच खेपा. भिंत धरून चालत होती बिचारी.

चूक घाईची. सोनामुखीच्या पानांत आणि शेंगांत सेनोसाइड नावाची द्रव्यं असतात. त्यांना साखरेचे रेणू चिकटलेले असल्यानं लहान आतड्यात ती फारशी शोषली जात नाहीत, तशीच पुढं सरकतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती साखर तोडून उरलेल्या भागातून रेइन अँथ्रोन तयार करतात. खरं काम करतं ते हे. आतड्याची हालचाल वाढते, मळात पाणी राहतं. या सगळ्याला 6 ते 12 तास लागतात. आत्याचा पहिला चमचा अकरा वाजता अजून वाटेतच होता.

म्हणूनच अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर सोनामुखीचा गुण कमी येऊ शकतो, कारण ते काम करणारे जिवाणूच घटलेले असतात. अशा वेळी चमचे वाढवू नका, डॉक्टरांना विचारा. सुट्या चुर्णात सेनोसाइड किती, हे तसंही कळत नाही. गोळीच्या पाकिटावर ते लिहिलेलं असतं.

एरंडेलाला हा हिशोब लावू नका. ते लहान आतड्यातच पाचकरसानं फुटतं, जिवाणूंची वाट बघत नाही आणि बरंच लवकर लागू होतं. दोन्ही एकदम घेऊ नका. इसबगोल तर नुसतं पाणी धरून फुगतं; ते ग्लासभर पाण्याशिवाय घेतलं तर घशात अडकतं.

रोजची सवय मात्र सगळ्यात वाईट. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आठवड्यापलीकडं जाऊ नका. जुलाबात पोटॅशियम जातं, आणि लघवीच्या गोळ्या चालू असतील तर आणखीच. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्याकडच्या बायका आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी टाळतात आणि मग मळ खडा होतो. त्यांना चूर्ण देण्याआधी पाणी आणि आडोसा द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

लघवी पिवळट-तांबूस झाली तर घाबरू नका, सोनामुखीनं तसं होतं. पण पोटात कळा येऊन उलट्या होत असतील, ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर कुठलंच रेचक न घेता थेट दवाखाना गाठा.