श्रीलंकेच्या तमिळ प्रश्नावर भारताची भूमिका कशी तपासावी

सुरुवात 29 जुलै 1987 च्या भारत-श्रीलंका करारापासून करा. पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी कोलंबोत सह्या केलेला हा करार एका बैठकीत वाचून होतो. सोबतची पत्रे मात्र वगळू नका. भारताच्या हिताला बाधक ठरेल अशा लष्करी वापरासाठी त्रिंकोमाली किंवा दुसरे कोणतेही बंदर कुणाला देणार नाही, ही हमी त्या पत्रांत आहे. तमिळांचे हक्क आणि भारताची सुरक्षा हे दोन्ही विषय तेव्हापासून बरोबरच चालत आले आहेत.

मग कागदावर दोन रकाने आखा: काय ठरले, काय झाले. प्रांतिक परिषदा आणणारी श्रीलंकेची तेरावी घटनादुरुस्ती नोव्हेंबर 1987 मध्ये झाली. तमिळ वस्तीचे उत्तर आणि पूर्व प्रांत एकत्र ठेवायचे की नाही, यावर 1988 अखेरपर्यंत घ्यायचे सार्वमत कधीच झाले नाही. 2007 पासून ते प्रांत वेगळे आहेत. उत्तर प्रांताच्या परिषदेची पहिली निवडणूक थेट सप्टेंबर 2013 मध्ये झाली. जमीन आणि पोलीस हे अधिकार प्रांतांच्या हाती खऱ्या अर्थाने आलेच नाहीत. भारत ‘पूर्ण अंमलबजावणी’ म्हणतो तेव्हा रोख या रिकाम्या जागांवर असतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती मतदान वाचताना. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत भारताने 2012 आणि 2013 मध्ये श्रीलंकेवरील ठरावाच्या बाजूने मत दिले, तर 2014, 2021 आणि 2022 मध्ये तो तटस्थ राहिला. नुसते आकडे पाहिले की धोरण उलटले असे वाटते. म्हणून प्रत्येक वेळचे मतदानाचे स्पष्टीकरण शोधून वाचा. 2014 चा आक्षेप बाहेरून होणाऱ्या चौकशीवर होता. 2021 मध्ये तमिळांची समता, न्याय, शांतता व सन्मान ही एक बाजू आणि श्रीलंकेची एकता व अखंडता ही दुसरी, असे दोन्ही स्पष्ट मांडले होते.

सगळे काही तमिळनाडूच्या राजकारणावर ढकलू नका. मार्च 2013 मध्ये द्रमुकने केंद्र सरकारचा पाठिंबा काढला, हे खरे. पण 2014 ची तटस्थता लोकसभा निवडणूक दहा-बारा दिवसांवर आलेली असतानाची आहे; फक्त तमिळनाडूच्या मतांचा विचार असता तर तेव्हा ठरावाच्या बाजूनेच मत पडले असते. करारानंतर श्रीलंकेत पाठवलेल्या भारतीय शांतिसेनेचे सुमारे 1,200 जवान गमावल्याचा आणि 1991 मध्ये एलटीटीई या सशस्त्र तमिळ संघटनेने केलेल्या राजीव गांधींच्या हत्येचा भार दिल्लीच्या सावधपणामागे आहे.

शेवटी ताजी निवेदने शब्दाशब्दाने ताडून पाहा. जुलै 2023 मध्ये श्रीलंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रानिल विक्रमसिंघे यांच्यासमोर पंतप्रधान मोदींनी तेराव्या दुरुस्तीचे नाव घेतले. डिसेंबर 2024 मध्ये त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमारा दिसानायके यांच्यासमोर ‘राज्यघटनेची पूर्ण अंमलबजावणी’ एवढेच म्हटले. प्रांतिक परिषदांच्या निवडणुकांची मागणी दोन्ही वेळा होती.