एलओसीवर आफ्रिकेत माल पाठवताय? या चुका टाळा

"आपल्या सरकारने त्यांना कर्ज दिलंय, म्हणजे पैसे बुडायचा प्रश्नच नाही." नवे निर्यातदार हे वाक्य इतक्या खात्रीने म्हणतात की मला काळजी वाटते. भारताच्या एक्झिम बँकेच्या लाइन ऑफ क्रेडिटमध्ये, म्हणजेच एलओसीत, भारतातून माल घेण्यासाठी कर्ज परदेशी सरकार घेतं आणि तेच फेडतं. निर्यातदाराला पैसे एक्झिम बँकेकडून इथेच मिळतात, हे खरं. पण त्याआधी तुमचा करार बँकेने त्या एलओसीखाली मंजूर केलेला असावा लागतो.

सांगलीकडच्या एका पंप उत्पादकाने आफ्रिकेतल्या एका मंत्रालयाशी करार केला आणि "मंजुरी काय, येईलच" म्हणत कंटेनर रवाना केले. बँकेने विचारलं, भारतीय माल किती? साधारणपणे कराराच्या किमतीतला किमान 75 टक्के माल आणि सेवा भारतातल्या हव्यात. पंप इथले होते, पण मोटारी आणि कंट्रोल पॅनेल चीनहून मागवलेले. त्यांच्याच ऑफिसात खरेदीची बिलं पसरून आम्ही बेरीज केली. 68 टक्के! दोनदा केली, तरी तेवढीच. तोवर कंटेनर तिकडच्या बंदरात पोचून त्यांचं डेमरेज, म्हणजे अडकून पडल्याचा दंड, सुरू झालं होतं. पुढची पॅनेल पुण्याहून घेऊन करार सुधारायला सात महिने गेले. एवढी घाई करून काय मिळवलं?

मी कोटेशन देण्याआधीच प्रत्येक वस्तूपुढे ती कुठे बनली ते पेन्सिलने लिहितो आणि 80 टक्क्यांखाली उतरत नाही. पुरवठादार ऐनवेळी बदलतातच.

दुसरी चूक एजंटच्या कमिशनची. एलओसीतून कमिशन देता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलेलं असतं. द्यायचंच तर स्वतःच्या पैशातून किंवा ईईएफसी खात्यातून (निर्यातदाराच्या परकीय चलनाच्या खात्यातून) द्या. "किमतीत मुरवून टाकू" असा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा.

एलओसीची मुदत कधी संपते ते करारावर सही करण्याआधी बघा.

ईसीजीसी ही सरकारी कंपनी निर्यातीचे पैसे बुडू नयेत म्हणून विमा देते, एक्झिम बँक कर्ज. एकीकडचे कागद दुसरीकडे नेऊ नका.

एलओसी नसेल, तर तिथल्या छोट्या बँकेची एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची हमी) कन्फर्म करून घ्या, म्हणजे दुसऱ्या बँकेचीही हमी त्यावर घ्या. कैरोची ॲफ्रेक्झिमबँक हे काम करते. आपल्या एक्झिम बँकेचाही 2022पासून ट्रेड असिस्टन्स प्रोग्रॅम आहे, त्यात ती अशा एलसीवर तुमच्या बँकेला हमी देते. माल भरण्याआधी बँकेत जाऊन विचारा.